उसातला परत येतोय

कोपरगाव
२१ नोव्हेंबर २०२४

'उसातला' भाग तीनमध्ये बारदान घालून फिरणाऱ्या माणसास,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. शेवटची नावं इतक्या घाईने वर गेली की वाचता आली नाहीत, म्हणून सिनेमा कंपनीच्या पत्त्यावर पाठवते. त्यांना लाज असेल तर ते तुमच्यापर्यंत पोचवतील.

काल मी तिसरा भाग बघितला. बघितला म्हणजे शेवटपर्यंत बसले. शेजारची अश्विनी मध्यंतरातच म्हणाली होती की काकू, चला घरी, त्यापेक्षा मालिका बरी. पण सिनेमा अर्धा टाकून उठायचं नाही ही माझी सवय, म्हणून तुमचं सगळं सहन केलं.

पहिल्या भागात तो उसातून बाहेर आला की थेटरातली माणसं पाय वर घेऊन बसायची. दुसऱ्यात तुम्ही पळायला लागलात. आता तिसऱ्यात उड्या मारता. उसाच्या फडात कोण पळतं हो? आणि बोलायची काय गरज होती? पहिल्यात त्याने तोंड उघडलं नाही. तो का मारतो हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तर भीती वाटायची. तुम्ही मात्र त्या पोराला समोर उभं करून आपल्या लहानपणाची कर्मकथा सांगत बसलात. तेवढ्या वेळात तो पोरगा एसटीने शिर्डीला जाऊन आला असता. वर साखर कारखान्याच्या आवारात ते गाणं, त्याच्याबद्दल तर मी लिहीतच नाही.

दुसऱ्या भागाच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'उसातला परत येतोय'. मी गेले बघायला. कोण आलं? तुम्ही. तिसऱ्यालाही तुम्हीच. हे मला पटलेलं नाही. ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मनकर्णा वाकचौरे

---

घोडेगाव, ता. नेवासा
९ जानेवारी २०२५

मनकर्णाबाई यांस,

तुमचं पत्र कंपनीत कुनाच्या तरी टेबलावर पडून हुतं. मी गेलो तवा हापिसातल्या पोरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आन मग माझ्या हातात दिलं. सगळे हसले. मी बी हसलो, काय करनार.

माझं नाव कानिफनाथ येळवंडे. दोन्ही भागांत बारदानाच्या आत मीच हाय. मी काय मोठा नट न्हाई. मारामारीत हिरोच्या जागी पडायचो, तितून हितं आलो. एरवी बापासंगं घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करतो. सिनेमात पळ म्हनले की पळायचं, उडी मार म्हनले की मारायची. ते भाषन माझं न्हाई आन आवाज बी माझा न्हाई, तो मुंबईच्या एका मानसाचा हाय. तुमच्या निम्म्या शिव्या त्याला पाठवा.

एक विचारतो. एवढं वाईट हुतं तर दोन्ही भाग थेटरात जाऊन बघितले कशाला? का पयल्या भागातल्या मानसानं तुमाला लिहायला लावलं? खरं सांगा, मला राग न्हाई. आन त्याच्यात असं काय हुतं ते बी सांगा. चौथा भाग निघतोय. डायरेक्टर साहेब म्हनतात, या टायमाला लोक घाबरले न्हाईत तर दुसरा मानूस घेऊ. हैदराबादचा कोन तरी पैलवान बघून ठेवलाय. हितं बाजारात पोरं आत्ताच माझ्या पळण्याची नक्कल करत्यात. हे बी गेलं तर मी काय तोंड दाखवू?

खाली फोन नंबर दिलाय. फोन करा.

कानिफनाथ येळवंडे

---

कोपरगाव
१७ जानेवारी २०२५

कानिफनाथ यास,

उत्तर दिलंस, बरं वाटलं. तू लेकराच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते. फोन करणार नाही. फोनवर मला नीट भांडता येत नाही, समोरचा मध्येच बोलतो. अंगणवाडीत जन्म गेला, तेव्हा लिहायची सवय आहे.

मला कुणी लिहायला लावलेलं नाही. पहिल्या भागात आत कोण होतं ते मला काय माहीत? पडद्यावर त्याचं नाव नव्हतं. मी आपली बघणारी बाई. आवडलं तर आवडलं म्हणते, नाही आवडलं तर गप्प बसत नाही.

आता त्याच्यात काय होतं ते सांगते. डॉक्टरीणबाईच्या घरात तो शिरतो ते आठव. हातात कोयता, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आत बाई एकटी. आणि हा दारात थांबतो आणि चपला काढतो. एकीशेजारी एक नीट ठेवतो. मग आत जातो. थेटरात आधी हशा पिकला, मग तो मध्येच बंद पडला. सगळ्यांच्या ध्यानात आलं की हा भूतबीत नाही, हा आपल्यातला आहे, कालपर्यंत आपल्याच ओट्यावर पाणी पिऊन गेलेला. तू दुसऱ्या भागात बूट घालून थेट देवघरापर्यंत गेलास. मला भीती नाही वाटली, फरशी खराब केल्याचा राग आला.

दुसरं म्हणजे कोपर. तो उसातून बाहेर येतो तेव्हा डावं कोपर तोंडापुढे धरून येतो, आडवा, खांदा आधी काढून. उसाच्या पानाला धार असते, डोळ्याला लागलं तर डोळा जातो, म्हणून फडात फिरणारं माणूस असंच चालतं. तोंडावर बारदान असलं तरी त्याचं कोपर वर येतंच. आधी नुसतं कोपर दिसतं, मग हळूच ते खाली होतं आणि मागे ते तोंड. तू मात्र गावच्या रस्त्याने निघाल्यासारखा छाती काढून येतोस.

चौथ्या भागाला हे ध्यानात ठेव. पैलवान आला तर तो याहून वाईट करील.

मनकर्णा वाकचौरे

---

घोडेगाव
२ फेब्रुवारी २०२५

मनकर्णामावशी यांस नमस्कार,

मावशी म्हनलो, चालंल ना?

खरं सांगतो, पयला भाग मी पुरा बघितलाच नव्हता. कंपनीनं मारामारीचे तुकडे दाखवले, तेवढ्यावर काम केलं. तुमच्या पत्रानंतर घरी बसून सगळा बघितला. चपलांच्या वेळेला माझ्या आईनं टीव्ही बंद कर म्हनून आरडा केला. आमच्या दोन्ही भागांत ती भाकरी थापत बघत हुती.

कोपर बी बघितलं. माझी चूक अशी की मी कदी खऱ्या उसात गेलोच न्हाई. आमच्या घरी जनावरं, ऊस म्हंजे बाजारात वैरनीला येनारं वाढं, तेवढाच संबंध. आन त्या दोन्ही भागांतला ऊस तोडून आनलेला, वळीत रोवलेला, मधून ट्रॉली जाईल एवढी वाट. तिथं कोपर कशाला वर येतंय?

तुमच्यासाठी साहेबांना विचारलं की पयल्या भागात कोन हुतं. ते हसले. म्हनले, कुनीतरी दारं धरनारा गडी हुता तिकडं कोपरगावाकडं. नाव काय ध्यानात न्हाई, मेला म्हनत्यात आता. त्याला अ‍ॅक्टिंगमधलं ओ की ठो येत नव्हतं. चपला काढल्या, कोपर वर केलं, समद्या त्याच्या चुका, पर त्या चालून गेल्या. मी मनात म्हनलो, बघा, मावशीला ज्याचं एवढं कौतुक, त्याला आपन काय करतोय ते बी ठाऊक नव्हतं.

आता मी आरशापुढं कोपर वर करून बघतोय. जमंल असं वाटतंय. अजून काय असंल तर कळवा.

तुमचा
कानिफनाथ

---

कोपरगाव
२८ मार्च २०२५

कानिफनाथ यास,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं, पण राग पोटात धरून राहवेना.

'कुणीतरी दारं धरणारा गडी.' त्या कुणीतरीला नाव होतं. आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी तोंडाने घेतलं नाही, पण लिहायला हरकत नसावी. आसाराम. आसाराम वाकचौरे, माझे मालक.

मला काय माहीत असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. तू परका, तुला का सांगावं असं वाटलं. आता सांगते, म्हणजे पुन्हा कुणापुढे दात काढून बोलणार नाहीस.

कंपनी आमच्या शिवारात आली तेव्हा त्यांचा मुंबईचा नट उसात शिरला आणि हातापायांवर चरे घेऊन, खाजवत बाहेर आला. गाडीत जाऊन बसला तो खाली उतरेना. त्याच फडात हे दारं धरत होते. ह्या सरीचं पाणी त्या सरीला वळवायचं काम, दिवसभर चिखलात. पाणी भरलं म्हणून बाहेर आले ते नेमके तुझ्या साहेबासमोर. साहेब म्हणाले, हे बारदान घाल, आत जा आणि असाच बाहेर ये. यांनी विचारलं, "मग पाणी कोण धरील?" पाण्यावर दुसरा माणूस उभा केला तेव्हा कुठे हे तयार झाले. चपला कुणाच्याही दारात काढायचेच. खून करायला जायचं म्हणून माणूस रीत सोडतो का? ती चूक नव्हती, कानिफनाथ. ते तसेच होते.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. आमच्याकडे मालक समोर आले की बाईने डोक्यावर पदर घ्यायचा. ते पडद्यावर उसातून बाहेर आले आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. हे शेजारच्या खुर्चीत बसलेले, आणि मी पडद्यावरच्याला पदर घेतला. इतके हसले की पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायला लागले. पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला तेच सांगत होते.

दोन हजार सतरात कावीळ झाली आणि गेले. घरात त्यांचे दोन फोटो. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले, दुसरा आधार कार्डाचा मोठा करून घेतलेला, त्यात चेहरा चोरासारखा आलाय. फोटोतला माणूस हलत नाही. सिनेमातला चालतो. कोपर वर करतो, चपला काढतो. तोंड दिसत नाही, पण मला तोंडाची काय गरज?

आणि मग दुसऱ्या भागाचं ते पोस्टर लागलं. 'उसातला परत येतोय.' मी काही वेडी नाही, यांच्या चितेपर्यंतचं सगळं मला ठाऊक आहे. तरी पेटीतलं इरकल काढलं, नेसले आणि पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाऊन बसले. उसाची पानं हलली आणि तू निघालास. माझा हात मांडीवरच राहिला. तिसऱ्यालाही मी पुन्हा गेले, आणि पुन्हा तेच. तू विचारलं होतंस ना, बघितले कशाला. म्हणून बघितले.

तुझ्यावर माझा राग नाही असं म्हणणार नाही. आता पत्र लिहू नकोस.

मनकर्णा आसाराम वाकचौरे

---

घोडेगाव
६ एप्रिल २०२५

ती. मावशी यांस कानिफनाथचा साष्टांग नमस्कार,

लिहू नको म्हनलात तरी लिहितोय. हे एवढं वाचा, मग फाडून टाका.

माझं चुकलं. तुमचं पत्र मी बाजारात टेम्पोत बसून वाचलं आन त्या दिवशी एकाबी सौद्यात मन लागलं न्हाई. बाप म्हनला, काय झालं? मी त्याला वाचून दाखवलं. माझा बाप शिकलेला न्हाई, पर बैल घेताना तो दात नंतर बघतो, आधी बैलाला चालवून बघतो. चालीवरनं त्याला कळतं, जनावर नांगराचं का गाडीचं, कुठं लंगडतंय, किती राबलंय. त्याला मी पयला भाग लावून दिला. त्यानं फकस्त चाल बघितली. मग म्हनला, "हा मानूस जन्मभर वल्या रानात चाललाय. तू आरशापुढं मेलास तरी तुला हे यायचं न्हाई." मावशी, मला बापानं एवढं खरं कदी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. दिवाळीआधी चौथ्या भागासाठी साहेब मला चालवून बघनार हायत, पैलवानाला बी. ते कोपर आन त्या चपला मला जमल्या तर काम माझं. पर ते तुमच्या मालकांचं हाय. मी आधी नुसतं उचलनार हुतो, कारन कुनाचं हाय ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तर न इचारता उचलनं म्हंजे दुसऱ्याच्या दावणीचं जनावर सोडून नेनं. तुमी हो म्हनलात तर मी कोपरगावला येऊन शिकतो. न्हाई म्हनलात तर पैलवानाला काम करू द्या, मी बाजार बघतो. उलटून एक शब्द बोलनार न्हाई.

तुमच्या उत्तराची वाट बघतो.

कानिफनाथ

---

कोपरगाव
२५ ऑगस्ट २०२५

चि. कानिफनाथ यास,

इतके महिने लिहिलं नाही, कारण उत्तर 'नाही' होतं आणि ते लिहायला हात वळत नव्हता. जे यांचं आहे ते यांच्याबरोबर राहू दे, असं वाटत होतं. लोकांना कशाला?

परवा अश्विनीने तिच्या मोबाईलवर पहिला भाग लावून दिला. मी चपलांची वाट बघत बसले. डॉक्टरीणबाई दिवाणखान्यात आली आणि एकदम हे आतच. चपला काढल्याच नाहीत. मी म्हटलं, मागे घे. मागे घेतलं, पुन्हा तेच. अश्विनी म्हणाली, काकू, मोबाईलवर टाकताना लांबी कमी करतात, नको ते तुकडे कापतात. नको ते! ती पोरगी झोपायला गेली आणि मी तशीच बसून राहिले. तुझ्या आईने टीव्हीवर बघितलं तेही असंच कापलं गेलं, तर ते चपला काढणं फक्त माझ्या डोक्यात राहील, आणि मी गेले की संपलं. मग कळलं की मी कुलूप लावून बसले होते आणि घराची मागची भिंतच नव्हती.

म्हणून ये. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलंय आणि पावसाने दडी मारलीय, तेव्हा दारं धरायला माणूस लागतंच आहे. यांचा धाकटा भाऊ रंगनाथ त्याच शिवारात पाणी धरतो. त्याच्याबरोबर उसात राहा. बारदान घरी ठेवून ये. कोपर कसं वर करायचं ते मी दाखवणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. पाण्याकडे लक्ष दे. जेवण माझ्याकडे.

आशीर्वाद.
मनकर्णा

---

मु. राहुरी
२ डिसेंबर २०२५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार,

काम मला मिळालं हे तुमाला कळवलंच हुतं. आता शूटिंग बी संपत आलंय. या टायमाला मी हट्टच धरला की ऊस उभा पायजे, म्हनून राहुरीजवळ खरा फड घेतलाय.

तुमच्याकडचे दिवस रोज आठवत्यात. पयल्या दिवशी मी फुल बाह्यांचा शर्ट घालून आलो तवा रंगनाथकाका नुसते हसले. सांजच्याला मान, कान, कपाळ, समदं चरचरत हुतं. तुमी खोबरेल दिलंत आन म्हनलात की उद्या बी जायचंय. मी कोपराचा विचार करत हुतो तवर पानं तोंडावर बसत हुती. मग एकदा पाणी सरी फोडून भलतीकडं निघालं, काका वरडले, मी फावडं घेऊन आत घुसलो. पाणी वळवून बाहेर आलो तवा काका बांधावर उभे. म्हनले, "आलं बघ." मी म्हनलो, पाणी? ते म्हनले, न्हाई रं, कोपर.

निघायच्या दिवशी मी चहाला तुमच्या दारात आलो. चपला काढल्या आन आत आलो, मनात काय बी नव्हतं. तुमी त्या चपलांकडं बघितलं आन चुलीपाशी गेलात. त्या चहात साखर टाकायची राहिली हुती, मी तसाच प्यालो. तवा बोललो न्हाई, आता सांगतो.

शूटिंगमधी भाषन या भागात बी हाय, ते माझ्या हातात न्हाई. गानं बी हाय. बूट घाल म्हनत हुते, ते मी ऐकलं न्हाई. मालकांचं नाव पडद्यावर घाला म्हनून साहेबांना सांगितलं. ते बघू म्हनले. 'बघू' म्हंजे काय ते मला बाजारात चांगलं ठाऊक झालंय, म्हनून आधीच कळवतो.

सिनेमा लागला की बघा आन खरं लिहा. गोड लिहू नका.

तुमचा
कानिफनाथ

---

कोपरगाव
१५ मार्च २०२६

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद,

काल बघितला, दुपारचा खेळ. इरकल नेसले नव्हते, रोजचीच साडी होती.

खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिते. सिनेमा वाईट आहे. ती पोरगी तीन भाग बघूनसुद्धा चौथ्यात एकटीच उसाकडे जाते, तिला मारलं नसतं तर मीच मारलं असतं. गाण्यात मी डबा उघडून चिवडा खाल्ला. भाषण मागच्यापेक्षा लांब आहे, आणि तो मुंबईचा माणूस 'ळ' म्हणताना अडखळतो. मोटारीखाली सापडून तू पुन्हा उठतोस ते पाहून पोरं शिट्ट्या मारत होती. पाचवा काढू नका म्हणावं, नाव पुरतं घालवाल.

तुझ्याबद्दल. पहिल्यांदा येतोस तेव्हा कोपर फार वर धरलंस. आपण कोपर धरलंय हे तुला माहीत आहे, आणि ते आम्हाला दिसतं. शाळेच्या प्रसंगात चपला काढताना कॅमेऱ्याकडे बघितलंस. यांनी कधीच बघितलं नव्हतं, यांना तो कुठे ठेवलाय तेच ठाऊक नसायचं. यांचं नाव आलं नाही. शेवटची अक्षरं जाईपर्यंत मी थांबले होते. असू दे, तू विचारलंस.

विहिरीजवळचा तो प्रसंग आहे ना, मध्यंतरानंतरचा? तिथे काही होणार नाही असं मला वाटत होतं. गाणंबिणं नाही, नुसतं इंजिन चालू आहे आणि सरीतून पाणी चाललंय. मी डब्याचं झाकण लावत होते. पानं हलली. आधी खांदा आला, मग कोपर. मग ते कोपर खाली होताना बाहेर आलेला माणूस पाणी कुठवर आलं ते बघायला एवढासा थांबला. तू थांबलास की तुला कुणी थांबवलं ते मला माहीत नाही, आणि सांगूही नकोस.

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. त्या आवाजाने अश्विनीने वळून बघितलं तर माझ्या डोक्यावर पदर. ती म्हणाली, "काकू, एसी लागतोय का?"

मी हो म्हणाले.

मनकर्णा